इन्व्हर्टर ‘फुल्ल’ दाखवतो आणि वीस मिनिटांत बंद पडतो? बॅटरी बदलायच्या आधी एवढं तपासा

मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसला, चार फांद्या तारांवर पडल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. बोलणं ठरलेलं. “ओ दादा, लाईट गेली की धा मिंटात बंद पडायलाय बघा. आणि मशीनवर तर फुल्ल दाखवायलंय.” हुक्केरी-संकेश्वरकडचा फोन असला तर सुरुवात “करेंट होत्री” अशी. मराठी कानाला ते ‘करंट होतं’ असं ऐकू येतं आणि कन्नडात त्याचा अर्थ ‘करंट गेलं’. नवीन होतो तेव्हा एकदा मी “होतं ना, मग अडचण काय?” असं विचारून बसलो होतो.

बेळगाव शहर, येळ्ळूर, उचगाव, खानापूर, जांबोटी आणि वरती निपाणीपर्यंत मी घरगुती इन्व्हर्टर आणि त्यांच्या बॅटऱ्या बघतो. हा एकच बिघाड इतक्या वेळा बघितलाय की फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून टाकतोय. बऱ्याच घरी लोकांनी नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात आणि दोष निघतो एका सैल नटाचा. उलटही होतं. बॅटरी खरोखर मेलेली असते आणि मालक तिच्यात पाणी, अ‍ॅसिड, कसली तरी पावडर ओतत बसलेले असतात.

लक्षणं

तुमच्याकडं यातलं काय होतंय ते आधी ओळखा.

- लाईट गेल्यावर सुरुवातीला सगळं ठीक. मग पंधरा-वीस मिनिटांत टीं-टीं सुरू आणि अंधार.
- पूर्वी चार्ज व्हायला रात्र लागायची, आता तासा-दीड तासात ‘फुल्ल’ येतं. लोक यावर खूश होतात. हे वाईट लक्षण आहे.
- सहा बुचांपैकी एकाच बुचाखालचं पाणी सारखं कमी होतं, किंवा चार्जिंगला पाच सेल (बुचांखालचे कप्पे) बुडबुडतात आणि एक गप्प असतो.
- टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवी-निळी बुरशीसारखी पूड, आणि लोड असताना तिथं हात लावला तर गरम.
- लाईट घरात आहे, तरी इन्व्हर्टर अधूनमधून बॅटरीवर उडी मारतो.

आणि ही चार लक्षणं असतील तर पुढचं काही न वाचता इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, खिडकी उघडा आणि जाणकाराला बोलवा: बॅटरीचं अंग फुगलंय, अंग हाताला चटका देईल इतकं तापलंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, किंवा खाली अ‍ॅसिड सांडलंय. इथं घरगुती तपासणी नको.

‘फुल्ल’ म्हणजे नक्की काय फुल्ल?

इन्व्हर्टरला बॅटरीच्या पोटात किती माल आहे ते दिसत नाही. साध्या मशीनला फक्त व्होल्ट दिसतात आणि त्यावरून ते अंदाज मारतं. गावाबाहेरचं गाळ भरलेलं तळं आठवा. दोन पावसांत काठोकाठ भरलेलं दिसतं, पण चार मोटारी लावल्या की दुपारपर्यंत तळ उघडा. पातळी खरी होती, पाणी नव्हतं. व्होल्ट म्हणजे पातळी. पाणी किती मावतं ते सांगतो एएच (अँपिअर-अवर) हा आकडा. १५० एएच म्हणजे कागदावर साडेसात अँपिअर सलग २० तास. लेबलवर सी-२० लिहिलेलं असतं ते हेच २० तास. तेवढ्यासाठीच ते लिहिलेलं असतं, कारण करंट जास्त ओढला की तीच बॅटरी १५० एएच देत नाही, बरीच कमी देते.

तळ्यातला गाळ म्हणजे सल्फेट. बॅटरी उतरताना अ‍ॅसिडमधला गंधकाचा भाग दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि शिशाचं सल्फेट तयार होतं. चार्ज करताना ते परत विरघळून अ‍ॅसिडमध्ये येतं. बॅटरी अर्धवट उतरलेली आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर सल्फेटचे खडे कडक होतात आणि परत यायचं नाव घेत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या म्हातारपणानं मरत नाहीत. त्या भुकेनं किंवा तहानेनं मरतात: पोटभर चार्ज मिळत नाही, नाहीतर पाणी मिळत नाही. खालचा सगळा क्रम या दोन गोष्टी शोधायचा आहे.

हात लावायच्या आधी

इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, आणि भिंतीतला प्लगही बाहेर. नुसता एक बंद करून चालत नाही. अंगठी, कडं, स्टीलचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टनं शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण धातूनं दोन टर्मिनल जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी माझ्या घड्याळाच्या पट्ट्याची एक कडी पान्याला टेकली, पाना प्लसवर होता आणि पट्टा मायनसच्या पट्टीला. डोळ्याची पापणी लवायच्या आत कडी लाल झाली. मनगटावरचा चौकोनी डाग अजून आहे.

खोलीची खिडकी उघडी हवी. चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो. त्यामुळं पाण्याची पातळी बघायला काडी किंवा लायटर पेटवणाऱ्या मंडळींना माझा दोन्ही हातांनी नमस्कार. मोबाईलचा टॉर्च लावा. डोळ्यांना साधा चष्मा तरी असावा. जवळ एक बादली पाणी. कपडे जुने घाला, कारण अ‍ॅसिडचा थेंब लगेच कळत नाही. पँट धुऊन वाळत घातली की मांडीवर चाळणी दिसते.

पहिली तपासणी: लोड वाढलाय काय? (खर्च शून्य)

येळ्ळूरच्या एका काकूंकडं दोन वर्षांची बॅटरी होती आणि तक्रार नेहमीचीच. पाणी बरोबर, टर्मिनल स्वच्छ. शेवटी मी म्हटलं, “काकू, मेन बंद करतो, घरात काय काय चालू राहतंय बघूया.” दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, इथपर्यंत ठीक. स्वयंपाकघरातून घुर्रर आवाज यायला लागला. नवीन फ्रिज लावताना वायरमननं जवळ सापडलेल्या इन्व्हर्टरच्या लाईनवर तो जोडून दिला होता. काकूंना पत्ताच नव्हता.

हिशेब साधा आहे. घरात ४०० वॅट चालू असतील तर मशीनमधली गळती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ४० अँपिअर ओढले जातात. १५० भागिले ४० म्हणजे पावणेचार तास असं लोक धरतात. नव्याकोऱ्या बॅटरीवरही प्रत्यक्षात अडीच तासांच्या आसपासच मिळतात, कारण वर म्हटलं तसं जोरात ओढलं की ती कमी देते. तोच लोड निम्मा केला, २०० वॅट, तर वेळ दुप्पट नाही, दुपटीहून जास्त होतो: पाच-सहा तास. म्हणून बॅटरीला नावं ठेवायच्या आधी मेन बंद करून घरभर एक फेरी मारा. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार यांतलं एकही त्या लाईनवर नको.

दुसरी: चार्ज होतंय तरी काय? (खर्च शून्य)

ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण प्लग सैल असणं, सॉकेटचं बटण सफाई करताना बंद होणं, मशीनच्या मागचा फ्यूज किंवा छोटा एमसीबी पडलेला असणं हे मी दर महिन्याला बघतो. लाईट असताना मशीनवर किंवा मल्टिमीटरवर बॅटरीचे व्होल्ट बघा. तासाभरात आकडा चढत जाऊन साडेतेराच्या वर गेला पाहिजे. लाईट असूनही बारा-साडेबारावरच बसला असेल तर चार्जिंगच होत नाही.

दोन शब्द इथं कळलेले बरे. बूस्ट म्हणजे जोराचं चार्जिंग, त्यात व्होल्ट साधारण १४.४ पर्यंत जातात आणि सेल बुडबुडायला लागतात. फ्लोट म्हणजे पोट भरल्यावर नुसतं टिकवून ठेवणं, साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान. मशीनच्या मागं बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं: ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची), फ्लॅट प्लेट (सपाट प्लेटांची), सीलबंद. ट्यूब्युलर बॅटरीला सीलबंदचं सेटिंग दिलं तर बहुतेक मशीन कमी व्होल्टवर थांबतात आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. सीलबंद बॅटरीला ट्यूब्युलरचं सेटिंग दिलं तर ती आतून सुकते, आणि तिच्यात पाणी घालायची सोय नसते.

खेड्यांत आणखी एक भानगड आहे. ऊसाला पाणी द्यायची वेळ झाली, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, की घरातला दाब उतरतो. १६०-१७० व्होल्टवर दिवे पिवळे पडतात. इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असेल तर मशीन म्हणतं, ही लाईट माझ्या कामाची नाही, आणि गुपचूप बॅटरीवर जातं. तुम्हाला वाटतं लाईट आहे. बॅटरी बिचारी उतरत राहते. मग खरी लाईट गेली की दहा मिनिटांत खेळ खल्लास. घरात कॉम्प्युटर नसेल तर बटण ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’वर ठेवा. उचगाव भागात एका घरी मी एवढंच केलं. त्यांनी पैसे विचारले तेव्हा मलाच लाज वाटली, चहा घेऊन आलो.

तिसरी: टर्मिनल (खर्च दहा रुपयांचा खायचा सोडा)

४० अँपिअर वाहत असताना एखाद्या जोडावर अर्धा व्होल्ट जरी अडला तरी तिथं २० वॅटची उष्णता तयार होते, आणि मशीनला बॅटरी खरी आहे त्याहून अर्धा व्होल्ट कमी दिसते. मशीन साडेदहा व्होल्टला बंद पडणार असेल तर बॅटरीत ११ शिल्लक असतानाच ते हात वर करतं. बॅटरी निर्दोष, शिक्षा तिला.

मीटर असेल तर लोड चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं त्यावर बसवलेल्या वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, धरा. ०.१ व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त दिसलं तर जोड खराब. मीटर नसेल तर लोड दहा मिनिटं चालवून, बंद करून, हात लावून बघा. एक खुंटी दुसरीपेक्षा गरम लागली की समजायचं.

सगळं बंद करून आधी मायनसची वायर सोडा, मग प्लसची. कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा. फसफसतं, फसफसू दे. बुचं मात्र घट्ट लावलेली हवीत, सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर ते आतलं अ‍ॅसिड मारतं. कोरडं करून लग आणि खुंटी दोन्ही चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आवळायच्या आधी नाही, नंतर. जोडताना प्लस आधी. आवळताना जोर दाखवू नका, शिसं मऊ असतं, खुंटी फिरली की बॅटरी गेली.

हिरवी-निळी पूड वायरच्या आवरणाच्या आतपर्यंत गेलेली दिसली तर लग कापून नवीन बसवून घ्यावा लागतो. तांबं आतून खाल्लेलं असतं, बाहेरून घासून उपयोग नाही.

चौथी: पाणी (खर्च एका कॅनचा)

ट्यूब्युलर बॅटरीच्या बुचात तरंगणारा दांडा असतो, त्यावर लाल-हिरव्या खुणा. लाल दिसला की पाणी कमी. दांड्यावर पूर्ण विश्वास नको, कधी कधी तो घाणीनं अडकून बसतो. बोटानं हलकं दाबून सोडा, वर आला तर ठीक.

चार्जिंगला बुडबुडे निघतात ते पाण्याचेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन झालेले असतात. अ‍ॅसिड उडून जात नाही, पाणी जातं. म्हणून भरताना फक्त डिस्टिल्ड वॉटर. अ‍ॅसिड नाही. ‘थोडं अ‍ॅसिड टाकलं की तेज होते’ हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी आहे. बॅटरी कलंडून अ‍ॅसिडच सांडलं असेल तरच ते भरायचं, आणि ते काम दुकानातल्याचं.

प्लेटांचा वरचा भाग उघडा पडला तर तो वाळतो, कडक होतो आणि परत जिवंत होत नाही. समजा वरचा चौथा हिस्सा महिनाभर उघडा राहिला, तर तेवढी बॅटरी कायमची गेली म्हणायची. फिल्टरचं पाणी, बाटलीतलं पाणी, नळाचं उकळून गार केलेलं पाणी, यातलं काही चालत नाही. पिण्याच्या पाण्यात क्षार राहतात, ठेवलेच जातात.

कणकुंबी रस्त्यावरच्या एका दुकानदार तात्यांनी मला अगदी पटवून सांगितलं होतं, “आमच्या पावसासारखं शुद्ध पाणी देशात नाही, कशाला कॅन आणू?” पाऊस शुद्ध असेल, तात्यांचे पत्रे नव्हते. गंजलेल्या पत्र्यावरून पन्हाळीतून धरलेलं पाणी त्यांनी दोन पावसाळे घातलं. लोखंडाचा अंश सेलमध्ये गेला की तो एका प्लेटेकडून दुसरीकडं फेऱ्या मारत बॅटरी आतल्या आत उतरवतो. त्यांची बॅटरी वायर सोडून ठेवली तरी आठवड्यात रिकामी व्हायची. चांगली बॅटरी महिन्याला जेमतेम काही टक्के उतरते. ती वाचली नाही.

भरायची वेळही महत्त्वाची. चार्ज झाल्यावर पातळी वर येते, म्हणून रिकाम्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर रात्री अ‍ॅसिड बुचातून बाहेर येऊन फरशीवर. प्लेटा उघड्या दिसल्या तर बुडतील एवढंच घाला, रात्रभर चार्ज होऊ द्या, मग खुणेपर्यंत.

पाचवी: विश्रांतीचे व्होल्ट (खर्च तीनशे-चारशेचा साधा मीटर)

चार्जिंग चालू असताना किंवा नुकतं संपल्यावर मोजलेले व्होल्ट खोटे असतात. वरवरचा फुगा असतो तो. पूर्ण चार्ज झाल्यावर मशीन आणि प्लग बंद करून बॅटरी चार-सहा तास तशीच ठेवा, मग मोजा.

एक सेल साधारण दोन व्होल्टचा, सहा सेल म्हणून बारा. ट्यूब्युलर भरलेली असेल तर १२.५ च्या आसपास, गाडीची भरलेली १२.६ ते १२.७. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. आणि आकडा साडेदहाच्या जवळ येऊन थांबत असेल, कितीही चार्ज करा, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालाय. दोन व्होल्ट वजा. त्यापुढं चार्जिंगला ठेवू नका, कारण मशीन सहा सेल समजून व्होल्ट चढवतं आणि उरलेले पाच उकळतात. इथं तपासणी संपली.

दोन बॅटऱ्यांचं २४ व्होल्टचं मशीन असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. बेरीज २५ दिसते म्हणून खूश होऊ नका, एक १३.१ आणि दुसरी ११.९ अशीही बेरीज होते. जोडीतली एकच बदलून दुसरी जुनी ठेवणं मला पटत नाही. दोघींतून करंट एकच वाहतो. जुनी आधी रिकामी होते, आधी भरते, आणि नवीला कायम उपाशी ठेवते.

सहावी: ग्रॅव्हिटी (खर्च दोनशे-तीनशेचा हायड्रोमीटर)

मला एकच हत्यार घेऊन जा म्हटलं तर मी हायड्रोमीटर घेईन, मीटर नाही. व्होल्ट सहा सेलांची मिळून गोष्ट सांगतात. हायड्रोमीटर प्रत्येकाची वेगळी सांगतो.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली. आज प्लेटा बदलल्या, डबे बदलले, पण आतला व्यवहार तोच आहे: चार्ज असला की गंधकाम्ल पाण्यात, उतरली की प्लेटांवर. म्हणजे आतलं पाणी साध्या पाण्याच्या किती पट जड आहे ते (हीच ग्रॅव्हिटी) मोजलं की चार्ज कळला. काचेच्या नळीत रबरी फुग्यानं अ‍ॅसिड ओढायचं, आतला तरंगता काटा मोकळा तरंगू द्यायचा. तो काचेला चिकटतो, नळी हलकेच टिचकवा. डोळा पातळीच्या समोर आणून आकडा वाचा आणि अ‍ॅसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. पाणी घातल्या-घातल्या मोजू नका, नवं पाणी वरच असतं. एक चार्ज होऊन जाऊ दे.

ट्यूब्युलर भरलेली असताना १.२४० च्या आसपास हवं. आकड्यात ०.८४ मिळवा, एका सेलचे विश्रांतीचे व्होल्ट येतात: १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, सहा सेलांचे साडेबाराला दोन शतांश कमी. मीटर आणि हायड्रोमीटर एकमेकांना साक्ष देतात ते असे. जुळले नाहीत तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय, किंवा बॅटरी अजून विसावलेली नाही.

सहाही आकडे भिंतीवर पेन्सिलनं लिहा, वहीत नको, वही हरवते. मग बघा.

सहाही सारखेच पण कमी, समजा १.१७० ते १.१८०: बॅटरी उपाशी आहे, मेलेली असेलच असं नाही. सातव्या तपासणीकडं या.

पाच १.२३० आणि एक १.१३०: तो सेल गेला. साधारण ०.०५० पेक्षा जास्त फरक पूर्ण चार्ज करूनही राहिला तर मी आशा सोडतो.

सहाही उत्तम १.२४०, तरी बॅकअप नाही: एकतर टर्मिनल आणि लोड परत बघा, नाहीतर कुणीतरी मध्ये अ‍ॅसिड ओतलंय. अ‍ॅसिड ओतलं की ग्रॅव्हिटी वाढते, प्लेटांवरचे खडे तिथंच राहतात. ‘अ‍ॅसिड बदलून बॅटरी नवी करून देतो’ म्हणणाऱ्यांचा खेळ हाच. चार दिवस आकडा छान दिसतो. मी स्वतः एकदा यात फसलोय, सेकंडहँड घेताना.

सातवी: पोटभर चार्ज आणि मग परीक्षा (खर्च दोन दिवसांचा धीर)

चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा धरतात, १५० एएचला १५ अँपिअर. हिशेबानं दहा तास, प्रत्यक्षात बारा-चौदा, कारण शेवटच्या टप्प्यात बॅटरी हळू घेते. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात लाईट तास राहते, दोन तास जाते, परत येते. बॅटरी महिनोन्‌महिने काठापर्यंत पोचतच नाही. अशा बॅटरीला दोन दिवस इन्व्हर्टरचा लोड बंद ठेवून नुसतं चार्ज होऊ द्या आणि सहा आकडे परत घ्या. १.१७० चे १.२२० झाले तर बॅटरी परत आली. दर बारा तासांनी थोडे का होईना चढत असतील तर अजून एक दिवस द्या.

शहरात उलटा रोग आहे. टिळकवाडीत हल्ली लाईट जातच नाही म्हणून बॅटरी वर्षभर फ्लोटवर बसून असते, बुडबुडे नाहीत, ढवळणं नाही, जड अ‍ॅसिड तळाला आणि हलकं वर. महिन्यातून एकदा मुद्दाम मेन बंद करून तासभर पंखे-दिवे चालवा आणि मग रात्रभर चार्ज होऊ द्या. घरातले चिडतात. चिडू दे.

यानंतर परीक्षा. २०० वॅटचा लोड लावा, म्हणजे समजा तीन जुने पंखे, आणि दर दहा मिनिटांनी व्होल्ट लिहा. सुरुवातीला साडेबाराचे बारा होतील, मग आकडा हळूहळू उतरला पाहिजे. अर्ध्या तासात ११ च्या खाली आला, किंवा नव्या बॅटरीच्या पाच-सहा तासांच्या जागी दोन तासही टिकला नाही, तर मी नवीन घ्या म्हणून सांगतो. साडेदहाला परीक्षा थांबवा, त्याखाली ओढू नका, आणि लगेच चार्जिंगला लावा.

इथं थांबा

इक्वलायझिंग, म्हणजे १५ व्होल्टच्या वर नेऊन मागं राहिलेले सेल बरोबरीला आणणं, हे घरच्या इन्व्हर्टरचं काम नाही. वेगळा चार्जर लागतो, समोर माणूस बसायला लागतो. इन्व्हर्टरचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. चार्जिंगला व्होल्ट १४ पर्यंतही चढत नसतील किंवा १५ च्या वर जात असतील तर दोष मशीनच्या चार्जरमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरी आणलीत तर तीही सहा महिन्यांत जाईल. आणि डोळ्यात अ‍ॅसिडचा थेंब गेला तर मेकॅनिक नको, दवाखाना: आधी पंधरा-वीस मिनिटं सलग पाण्याची धार, मग दवाखाना.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन ओळी. स्टार्टर नुसतं टक-टक करतो तेव्हा नव्वद टक्के लोक बॅटरी काढून चार्जिंगला नेतात. आधी टर्मिनल आणि चासीला गेलेली अर्थची वायर घासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ मिळाले नाहीत तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायचा. गाळप हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर दोन महिने उभा राहणार असेल तर मायनसची वायर सोडून ठेवा.

बॅटरी गेलीच तर जुनी दुकानदाराला परत द्या, नवीच्या किमतीतून तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत जुन्या बॅटऱ्या गोळा करून नीट वितळवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आमच्याकडं गुजरीवाला (भंगार घेणारा) दारात येतो, किलोवर भाव करतो, आणि वजन कमी करायला अ‍ॅसिड तिथंच गटारात ओततो. परड्यातल्या विहिरीजवळ हे झालेलं मी बघितलंय.

आणि मेकॅनिकला फोन कराल तेव्हा ‘बॅटरी चालत नाही’ एवढंच सांगू नका. किती एएचची, कोणत्या महिन्यात घेतलेली, लोड किती, लाईट असताना व्होल्ट किती, विश्रांतीनंतर किती, आणि भिंतीवरचे सहा आकडे प्लसच्या बाजूनं ओळीनं वाचून दाखवा. परवा नंदगडहून एका वैनींनी असेच वाचले (१.२३० ला बोलताना बाराशे तीस म्हणतात): “बाराशे तीस, बाराशे तीस, बाराशे पंचवीस, अकराशे दहा...” मी म्हटलं, वैनी, पुढचे दोन राहू देत. चौथा सेल गेलाय. येताना नवी घेऊनच येतो.